आधी एप्रन, मग घड्याळ

डार्लीन कुबियाकबद्दल कुणी वाईट बोललं तर मी शांतपणे ऐकून घेतो. ऐकून घेणं हा माझा जुना छंद आहे. पण नंतर त्या बोलणाऱ्याबद्दल मी काय काय सांगत फिरतो, ते त्याने आमच्या चीकटोवागा गावात कुणालाही विचारावं.

आमच्या पेलर्स सुपरमार्केटमध्ये शिरलं की डाव्या हाताला कॉफीची टेबलं लागतात. पहिल्या टेबलावर सकाळी आठपासून आम्ही चार निवृत्त म्हातारे बसलेलो असतो. त्यातला एक झोपलेला असतो आणि एकाने कानातलं यंत्र मुद्दाम बंद केलेलं असतं, त्यामुळे बोलायचं काम माझ्याकडेच येतं. मी रोमन. एकतीस वर्षं याच दुकानात खाटीक होतो. दोन्ही गुडघे दुकानाला दिले आणि आता कॉफीचा दुसरा कप फुकट मिळतो, त्यात वसुली चाललीय. समोरच डेलीचा काउंटर आहे. हॅम, सॉसेज, चीज, बटाट्याचं सॅलड, आणि त्या सगळ्याच्या मागे, डोक्याला केसांची जाळी मुकुटासारखी बांधून उभी असलेली डार्लीन.

तिच्याकडे पाव पौंड हॅम मागितलं तर काट्यावर पाव पौंडच उतरतं. एक चकती कमी नाही, एक जास्त नाही. चकत्या इतक्या पातळ की त्यातून पलीकडचा दरफलक वाचता यावा. नवीन पोरगं कामाला लागलं की ती त्याला यंत्राचं पातं कसं पुसायचं हे शिकवते आणि पुसता पुसता उलटतपासणी घेते.

"वय?"

"एकोणीस."

"कॉलेज?"

"नाही अजून. पैसे साठवतोय."

"साठवून काय करणार, लोणचं घालणार? फॉर्म घेतलास?"

फॉर्म तिच्या एप्रनच्या खिशातच असतो. पेलर्सची जुनी पद्धत अशी की अर्धवेळ काम करणाऱ्याने सहा महिन्यांत पाचशेवीस तास भरले आणि परीक्षेत बरे गुण आणले, की पुढच्या सत्राची कॉलेजची फी दुकान भरतं. म्हाताऱ्या पेलरने हे सुरू केलं. लोक म्हणतात त्याचं मन मोठं होतं म्हणून. मी म्हणतो पोरं टिकत नव्हती म्हणून. दोन्ही खरं असेल, मन मोठं असलेल्या माणसाला अक्कल असू नये असं थोडंच आहे! डार्लीनने त्या फॉर्मवर आजवर चार नर्सा, एक दातांचा डॉक्टर आणि आमचा सध्याचा मॅनेजर कोल्टन एवढी माणसं काढली. पैकी कोल्टन तिच्या हाताखाली आला तेव्हा त्याला चीज आणि स्वतःचं बोट यांतला फरक कळत नव्हता. अंगठ्यावर खूण आहे अजून.

आठ वर्षांपूर्वी एका उद्धट पोरीने तिला विचारलं, "बाई, एवढं चांगलं आहे तर तुम्ही का नाही भरत फॉर्म?" डार्लीन आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिने पूर्णवेळची नोकरी अर्धवेळ करून घेतली आणि कॉलेजात नाव घातलं. वय एकोणपन्नास. विषय इतिहास.

"इतिहास?" मी म्हणालो. "त्याचं काय करणार?"

"हॅमच कापणार. पण कापताना आधी काय काय होऊन गेलं ते मला ठाऊक असेल."

नवऱ्याचा प्रश्न नव्हता. तो अकरा वर्षांपूर्वी नवीन टायर घ्यायला गेला तो बहुतेक अजून निवडतोय. टायर फ्लोरिडात चांगले मिळतात म्हणे. आणि निवडायला केशकर्तनालयातली शेरी मदत करतेय. असो, मी कुणाच्या भानगडीत पडत नाही.

दर सत्राला दोन विषय, उन्हाळ्यात एक. असं करत करत आठ वर्षांत शेवटचं सत्र उरलं. त्यात एक मोठा प्रबंध लिहायचा होता. तिने विषय घेतला होता आपल्या आजीच्या काळच्या मांसाच्या कारखान्यातल्या बायकांच्या संपाचा. तिथला मुकादम बायकांना भोंग्याच्या आधी बोलवायचा, सुऱ्या पाजळून घ्यायचा, ओटे धुऊन घ्यायचा, आणि मजुरी मात्र भोंग्यापासून धरायचा. बायका तीन आठवडे थंडीत बाहेर बसल्या. डार्लीनने कागद शोधले, म्हाताऱ्या बायकांच्या मुलींना गाठलं, मलाही तासन्‌तास प्रश्न विचारून छळलं. तिला मार्गदर्शन करणारे प्रोफेसर हॅलोरन मे महिन्यात निवृत्त होणार होते. म्हणजे हे सत्र हुकलं तर प्रबंधही गेला. स्वतःच्या पगारातून फी भरायची सोय नव्हती, शिल्लक होती ती ऑक्टोबरात घराच्या छपरावर गेली होती.

आता माझ्या पापाचा भाग.

मी डार्लीनला शिकवलं तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. आमच्या वेळच्या खाटकांचा एक नियम होता. मागच्या दाराशी हजेरीचं घड्याळ आहे. त्यात कार्ड घालायचं ते एप्रन बांधून, सुऱ्या लावून, ओटा पुसून झाल्यावर. संध्याकाळी आधी कार्ड, मग यंत्राची धुलाई. घड्याळ कामासाठी आहे, नाड्या बांधायला नाही, असं आम्ही छाती फुगवून म्हणायचो. आल्याआल्या कार्ड घालणाऱ्याला आम्ही घड्याळचोर म्हणायचो आणि त्याच्या डब्यात कोंबडीचा पाय ठेवायचो. आता कार्ड गेलं, घड्याळाला टेकवायचा बिल्ला आला. कायदा बदलला, दुकानाचा नियमही बदलला. कामाचं मिनिट बिल्ल्याबाहेर घालवायला आता सक्त मनाई आहे. पण डार्लीनची सवय तीच. सकाळी पाव तास, संध्याकाळी पाव तास. दर वर्षी नाताळच्या गर्दीत जादा तास मिळायचे आणि ती गळती भरून निघायची. यंदा डिसेंबरात बर्फाने दुकान चार दिवस बंद राहिलं.

जानेवारीतला दुसरा शनिवार ही तास मोजायची शेवटची तारीख. त्याआधीच्या गुरुवारी कोल्टनने तिला ऑफिसात बोलावलं. ऑफिसचं दार आमच्या टेबलापासून सहा पावलांवर आहे, आणि मला नेमका तेव्हाच दारापाशी ठेवलेला साखरेचा डबा हवा होता.

"बसा ना, डार्लीनबाई."

"बसायचा पगार नाही मिळत मला. बोल."

"तुमच्या या आठवड्याच्या ड्यूट्या आज संपल्या. तास... पाच कमी पडतायत."

"यंत्र बिघडलंय."

"मी तीनदा पाहिलं. यंत्र ठीक आहे. बाई, तुमची एक ड्यूटी चुकलेली नाही. मग तास जातात कुठे?"

बाहेर माझ्या हातून साखरेचा डबा पडला. तास कुठे जातात हे मला ठाऊक होतं, मीच तर त्यांना वाट दाखवली होती.

शेवटी तिने सांगितलं. कोल्टन म्हणाला, "म्हणजे पन्नासएक तास तुम्ही फुकट राबलात! मग प्रश्नच मिटला, मी आत्ता लिहितो. यात खोटं काय आहे?"

"आणि वरच्या ऑफिसने विचारलं, बाई सहा महिने बिल्ल्याबाहेर राबत होती तेव्हा मॅनेजर काय करत होता?"

अशा बाबतीत आधी मॅनेजरची नोकरी जाते, हे दुकानात सगळ्यांना माहीत आहे.

"तुझी पोरगी तीन महिन्यांची आहे," डार्लीन म्हणाली. "पेन खाली ठेव. चूक माझी आहे, मी बघते काय ते."

बाहेर आली तेव्हा मी गुडघ्यांवर बसून साखर गोळा करत होतो. ती थांबली. "रोमन, एक शब्द कुणाला बोललास तर तुझं हॅम मी अंगठ्याएवढं जाड कापीन. आयुष्यभर."

मी शब्द पाळला. अगदी तिघांनाच सांगितलं, आणि तिघांनाही बजावलं की कुणाला सांगू नका. संध्याकाळपर्यंत पार्किंगमधल्या ढकलगाड्यांनासुद्धा ठाऊक झालं होतं.

शुक्रवारी तिची ड्यूटी नव्हती, तरी ती आली. जेवणाच्या खोलीत फ्रिजच्या दारावर एक कागद असतो. कुणाला आपली ड्यूटी द्यायची असेल तर त्यावर लिहायची, दुसऱ्याने तिथेच सही करून घ्यायची. मालकाला न विचारता चालणारी आमची ही एकच गोष्ट. पूर्णवेळवाल्यांचे तास त्यात देता येत नाहीत, अर्धवेळवाल्यांचेच देता येतात, आणि अर्धवेळ म्हणजे सगळी कॉलेजची पोरं. त्या दिवशी कागद भरून खाली दुसरा चिकटवला होता. नऊ पोरांनी ड्यूट्या सोडल्या होत्या.

डार्लीनने कागद उपटला आणि पोरांसमोर उभी राहिली. मी कपाटाशी होतो. मला तिथे यायची परवानगी नाही, पण गेल्या नऊ वर्षांत कुणी हटकलेलं नाही.

"इमानी, हे काय?"

कॅशवरची इमानी म्हणाली, "मला बरं नाहीये, कुबियाकबाई. सर्दी होणारे."

"कधी होणारे?"

"उद्या. बारा ते पाच."

"आणि थिहा, तुलाही सर्दी?"

"मला लग्नाला जायचंय," भाजीकडचा थिहा म्हणाला.

"कुणाच्या?"

"ते ठरायचंय अजून."

पोरं खिदळली. डार्लीन नाही हसली. तिने केसांतली पेन्सिल काढली. प्रत्येकाचे तास तिला तोंडपाठ होते, स्वतःचेच तेवढे नव्हते.

"इमानी, तुझे उद्याचे धरून पाचशे बावीस होतात. पाच मला दिलेस तर तुझ्या नर्सिंगचं पुढचं सत्र कोण भरणार, तो कपाटामागचा म्हातारा? थिहा, तुझे पाचशे तेवीस. तुला तर बेरीजही येत नाही आणि इंजिनिअर व्हायला निघालास!" असं करत तिने नऊच्या नऊ नावांपुढे काट मारली. "मी तुम्हाला फॉर्म दिले ते माझ्यासाठी तुम्ही बुडावं म्हणून नाही. चला, कामाला लागा. सर्दी पुढच्या आठवड्यात करा."

पोरं गेली. ती एकटीच फ्रिजकडे बघत उभी राहिली. मी तिला बत्तीस वर्षं ओळखतो, तिचे खांदे असे खाली आलेले मी एकदाच पाहिले होते, टायरच्या वेळी.

तेवढ्यात कोल्टन दारात येऊन घुटमळला. "बाई, उद्या पाच तास आहेत. कुणाचेच नाहीत. दहा ते तीन. पण..."

"पण काय?"

"काझिक."

काझिक म्हणजे आमच्या दुकानाचं सॉसेज. सहा फुटी, फोमचं, मिशा असलेलं. फुटबॉलच्या मोठ्या सामन्याच्या शनिवारी कुणीतरी त्याच्या आत शिरून दारात सवलतीची कुपनं वाटायची असतात. आत भट्टी, बाहेर पोरं लाथा घालतात. मागच्या वेळी जो आत गेला होता त्याने बाहेर येऊन राजीनामाच दिला. आणि ही डार्लीन, जी जेवणाच्या सुट्टीतही पालथ्या बादलीवर बसत नाही, कपडे चुरगळतात म्हणून!

"आत खिसा आहे का?" तिने विचारलं.

"कशाला?"

"फॉर्म ठेवायला."

शनिवारी सकाळी सव्वानऊला मी मागच्या दाराशी हजर होतो. पश्चिमेच्या मोठ्या सरोवराकडून आभाळ काळं येत होतं. काझिक बाकावर आडवा पडला होता. डार्लीन आली, कोट काढला, आणि बिल्ला खिशात ठेवून सरळ सॉसेजच्या चेनला हात घातला.

मी घड्याळ आणि सॉसेज यांच्या मध्ये उभा राहिलो. "आधी बिल्ला."

"अंगात घालून झालं की."

"हे अंगात घालायला वीस मिनिटं लागतात. आत्ता बिल्ला."

"रोमन, बाजूला हो. कपडे चढवण्याचे पैसे घेणारी मी नव्हे. तूच शिकवलंस."

"मी गाढव होतो."

"ते माहीतच आहे मला."

"डार्लीन, तुझ्या त्या बायका तीन आठवडे थंडीत बसल्या त्या कशासाठी गं?"

ती थांबली.

"सुऱ्या पाजळायच्या मिनिटांसाठीच ना? तू चाळीस पानं लिहिलीस त्यांच्यावर. त्यांची बाजू घेऊन लिहिलीस. मला रडवलंस वाचून दाखवताना. आणि रोज इथे येऊन मुकादमाला अर्धा तास देऊन जातेस. तो बिचारा मागतही नाही."

डार्लीन एक पाऊल माझ्या अंगावर आली. मला वाटलं, आता थोबाडीत बसते. मग तिने खिशातून बिल्ला काढला, इकडे तिकडे पाहिलं, आणि चोरी करावी तसा पटकन टेकवला. घड्याळ किणकिणलं. नऊ अडतीस. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"डब्यात कोंबडीचा पाय ठेवलास तर बघ," ती पुटपुटली.

मी चेन ओढली, इमानीने मिशा सरळ केल्या, आणि दहाला काझिक दारात उभा राहिला.

दुकानाच्या इतिहासात असं सॉसेज झालं नाही. इतर सॉसेजं उड्या मारतात. हे ताठ उभं होतं, गिऱ्हाइकाला मान लववत होतं, आणि एका पोराने लाथ मारली तेव्हा आतून आवाज आला, "नाव काय तुझं? आई कुठाय?" पोरगं रडत पळालं. अकराच्या सुमाराला प्रोफेसर हॅलोरन अंडी घेऊन बाहेर पडत होते. काझिकने कुपन पुढे केलं. ते "नको, नको" म्हणाले. तर आतून अगदी अदबीने प्रश्न आला, "सर, माझं तिसरं प्रकरण वाचलंत का?"

बाराच्या बारा अंडी फरशीवर फुटली. प्रोफेसरांनी सॉसेजच्या तोंडातल्या जाळीतून वाकून पाहिलं आणि म्हणाले, "मिसेस कुबियाक? उत्तम आहे. तळटीपा वाढवा."

दोनला बर्फ सुरू झाला, आमच्याकडे होतो तसा. समोरची गाडी दिसेना. अडीचला रेडिओवर सांगितलं, तीनपासून रस्त्यावर गाड्या काढायच्या नाहीत. कोल्टनने कर्ण्यावरून जाहीर केलं, "दोन चाळीसला दुकान बंद. सगळ्यांनी घरी जा. सगळ्यांनी." शेवटचा 'सगळ्यांनी' म्हणताना त्याचा आवाज फुटला. सॉसेज दारात हललं नाही. दहापासून धरलं तर पाच तासांना वीस मिनिटं कमी होती. तास मोजायचा पुढचा शनिवार सहा महिन्यांनी येणार होता, आणि प्रोफेसर मेमध्ये जाणार होते.

"चल," मी तिचा फोमचा हात धरला. "आधी हे उतरव. मग बिल्ला. उतरवणं हेही कामच आहे."

चेन अडकली होती. थिहाने पक्कड आणली. इंजिनिअर होईल पोरगा. घामाने निथळत डार्लीन बाहेर आली तेव्हा घड्याळात दोन सत्तेचाळीस झाले होते. तिने बिल्ला टेकवला आणि डोळे मिटले. आकडा मला वाचावा लागला.

"पाच तास नऊ मिनिटं."

कुणी ओरडलं, बहुतेक कोल्टन. डार्लीनने डोळे उघडले, स्वतः वाचलं, बोट लावून पुन्हा वाचलं.

"नऊ मिनिटं जास्त झाली," ती म्हणाली.

"असू देत."

"दुकानाची आहेत ती."

"नाही गं बाई. तुझी आहेत."

तिने नाक पुसलं. खाली पाहिलं, तर काझिकमधून गळलेल्या पाण्याचं तळं झालं होतं. कुणीतरी घसरून पडेल म्हणाली आणि फरशी पुसायचा दांडा उचलला. दोन पावलं गेली. मग थबकली, वळली, परत घड्याळाशी आली, बिल्ला टेकवला, आणि मग पुसायला लागली.

"बाई, घरी जा!" कोल्टन ओरडला.

"कामावर आहे मी," ती म्हणाली. "मध्ये बोलू नकोस."

तिचा प्रबंध आता आमच्या कॉफीच्या टेबलावर असतो, बांधलेला, कपाच्या गोल डागासकट. येणाऱ्या प्रत्येकाला मी एक्केचाळिसावं पान उघडून दाखवतो. आयुष्यभर गावाच्या चहाड्या केल्या, पण पुराव्याला म्हणून माझं नाव पहिल्यांदाच कुणीतरी छापलं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात आहे. चष्मा लागतो. तिथे लिहिलंय की बिनमजुरीची मिनिटं देण्याची रीत मुकादम गेल्यावरही कामगारांनीच एकमेकांना शिकवत जिवंत ठेवली. ही माहिती निवृत्त खाटीक रोमन यांच्याशी प्रत्यक्ष बोलून मिळाली. आणि सदर गृहस्थांनी आपण गाढव असल्याचं साक्षीदारांसमोर मान्य केलेलं आहे.